धोटा

पोस्टरवर नाव कसं घालायचं यावरून
आमचा बँड तेव्हाच फुटला असता.
मी म्हटलं धोटा. वीरभद्र म्हणाला, कन्नडात त्यालाच लाळी.
इम्तियाज हसत सुटला : लाळी?
लोक रुमाल घेऊन येतील, बा.
फ्लेक्सवाल्यानं पट्टी काढली, मापं सांगितली,
कुठली अक्षरं वर, कुठली खाली, कुठली किती इंच,
आणि मग त्यानंच विचारलं,
पण वस्तू एकच न्हवं?
एकच.
मग चित्रच काढा की.

म्हणून पोस्टरवर नुसता धोटा :
लाकडी, दोन्हीकडून टोकदार,
पोटात सुताची कांडी.
कुणी म्हणालं, होडी काय रे ही?
कुणी म्हणालं, पक्षाचं नवं चिन्ह दिसतंय.

आम्ही वाजवायचो वडगावात, सोमण्णाच्या शेडमध्ये,
कारण तिथं तक्रार करायलासुद्धा
कुणाला काही ऐकू जात नसे.
आठ माग. खट् खटाक्. खट् खटाक्.
मी उद्यमबागेतून लेथ बंद करून यायचो,
नखांत बीड, बासच्या तारा काळ्या.
ग्लोरिया कॅम्पातून, तपासायचे पेपर पिशवीत घालून.
गंगव्वा मागावरची नजर न काढता विचारायची,
गाऊलालासा की भांडूलालासा?

रेकॉर्डिंगच्या रात्री सोमण्णानं आठही माग थांबवले.
फुकट नाही, रात्रीचा हिशेब करून पैसे घेतले.
वर पावशेर कुंदा आणला, ते निराळं.
खिडक्यांना पोती लावली, भिंतींना गाद्या.
हुबळीहून भाड्यानं माइक आले, दुपारच्या आत परत.
आणि इम्तियाजचा ताल घसरायला लागला.
एकदा. पाचदा. चौदा वेळा.
काठ्या खाली ठेवून म्हणाला,
इथं धरायलाच काही नाही रे.

कुणी बोललं नाही.
अडीच वर्षं ज्याच्यावर आवाज चढवत होतो
तो आमचा पाचवा गडी निघाला.

बुडलेल्या पाळीचे पैसे घ्यायला थांबलेली गंगव्वा
पायरीवर पेंगत होती.
उठली, केस बांधले,
कोपऱ्यातल्या मागाचं बटण दाबलं.
माइकवाला ओरडला. वीरभद्र म्हणाला, सुम्निर्री.

पहिलं गाणं काठात गेलं.
दुसऱ्यातिसऱ्याला बुट्टे आले.
चौथ्याच्या मधेच वीज गेली :
माग अर्ध्या फेकीत, गिटार मुकी,
ग्लोरियाचा सूर तेवढा काळोखात चालू राहिला,
तो कुठल्याच यंत्रात उतरला नाही.
वीज आली तेव्हा धोटा एक धागा चुकला.
पहाटे सहाव्या गाण्याबरोबर पदर संपला.

हॉलवाला म्हणाला, एक नोव्हेंबर सोडून काहीपण मागा,
त्या दिवशी गावात दोन रंग असतात,
तिसरा माझ्या दारात नको.
नऊ तारखेला अठ्ठेचाळीस माणसं आली,
त्यांतली अकरा ग्लोरियाच्या वर्गातली.
सीडी कोण घेतंय आता? शंभर पेन ड्राइव्ह केले, साठ उरले,
ते वडापवाल्यांना वाटले.
शिनोळीजवळ मोबाइल स्वागत करतो, राज्य बदलतं,
गाणं आपलं दुसऱ्या कडव्यातच असतं.
एक ड्रायव्हर भेटला, म्हणाला,
गाणी बरी हायत, पण मागं सारखं काय ते?
मी दोनदा गाडीचा पट्टा तपासला.

आणि साडी?
मोरपंखी. मागितली तर सोमण्णा म्हणाला,
आठ मागांची रात्र, निघाली एक. ती पण विकू नको?
गठ्ठ्यात गेली, गठ्ठा बैलहोंगलला गेला,
की संकेश्वरला. त्यालाही आठवत नाही.

आता लग्नात, बँकेच्या रांगेत
मोरपंखी दिसली की माझी नजर जाते
पदरापासून दोन हात आत.
परवा निपाणी स्टँडवर एक बाई खेकसली,
काय बघूलालास रे?

चौथं गाणं, अक्का,
म्हणालो असतो.
बस लागली, ती चढली,
इंजिन सुरू झालं आणि माझ्या बोटांनी
खिशातल्या खिशात ताल धरला.